आवक चालू, जावक बंद

सरकारी कचेरीत कधी अर्ज घेऊन गेला असाल, तर तिथली दोन टेबलं तुम्ही नक्की बघितली असतील. एकावर पाटी ‘आवक’, दुसऱ्यावर ‘जावक’. दोन वेगळी रजिस्टरं, दोन वेगळे शिक्के, बहुतेकदा दोन वेगळी माणसं. आता समजा, जावकवाले साहेब पंधरा दिवस रजेवर गेले. काय होईल? ऑफिसात कागद येत राहतील, त्यांवर शिक्के पडत राहतील, उत्तरंही टाइप होतील. फक्त बाहेर काही जाणार नाही. आतल्यांना वाटेल काम जोरात चाललंय, बाहेरच्यांना वाटेल ऑफिस झोपलंय.

ई-मेलचा फंडा डिट्टो हाच आहे, आणि आपल्यातल्या भल्याभल्या टेक्नोसॅव्ही पब्लिकला तो माहीत नसतो. मेल येतायत म्हणजे जातायतच, असं आपण धरून चालतो. ऑफर लेटरला दिलेला होकार, महिनाअखेरचं इन्व्हॉइस, घरमालकाला दिलेली नोटीस... ‘सेंड’ दाबलं की आपल्यापुरता विषय संपला. व्हॉट्सअ‍ॅपला निदान दोन टिका असतात. मेलला त्याही नाहीत. तो पोचला नाही, तर समोरचा एवढंच म्हणतो, ‘साधं उत्तर देत नाही, काय अ‍ॅटिट्यूड आहे!’

हे सगळं मला नीट कळलं ते माझ्या मावशीमुळे.

मावशी कोथरूडला राहते. वय बासष्ट. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकली आणि गेली तीसेक वर्षं घरून भाषांतरं करते. यंत्रांची मॅन्युअल्स, पेटंटचे कागद, कंपन्यांचे करार. स्वतःच्या नावाचं डोमेन आहे, त्यावर मेल आहे, आणि तो मेल ती लॅपटॉपवरच्या मेल प्रोग्रॅममधून बघते. ब्राउझरमध्ये नाही, फोनवर तर नाहीच. त्या प्रोग्रॅममध्ये तिच्या एकोणीस वर्षांच्या मेलचे कप्पे आहेत. क्लायंटप्रमाणे, विषयाप्रमाणे, आणि एक कप्पा नुसत्या शब्दांचा. अमुक प्रकारच्या व्हॉल्व्हला कोणता शब्द वापरायचा यावरून २००९ मध्ये कुणाशी झालेला वाद तिला अर्ध्या मिनिटात सापडतो. ‘मावशी, फोनवर जीमेल टाकून घे की,’ हा सल्ला तिला आम्हा भाचरांनी शंभरदा दिलाय. ती ऐकून घेते आणि चहा टाकायला उठते.

गेल्या पावसाळ्यात तिच्या सोसायटीत जुनी टेलिफोनची वायर जाऊन फायबर आलं. नवी कंपनी, स्पीड सॉलिड, महिन्याचे पैसे पूर्वीपेक्षा कमी. शुक्रवारी दुपारी माणूस येऊन राउटर बसवून गेला. तिने यूट्यूब लावून बघितलं, सुसाट पळालं. मेल उघडला, नवे मेल धडाधड आले. मावशी खूश.

त्याच संध्याकाळी एका एजन्सीकडून कामाची विचारणा आली. जर्मन पेटंट, चाळीस पानं, दोन आठवड्यांची मुदत, शनिवार दुपारपर्यंत होकार कळवा. तिने तासाभरात दर आणि होकार लिहून ‘सेंड’ दाबलं. शनिवारी एजन्सीचा रिमाइंडर आला, ‘तुमच्या उत्तराची वाट बघतोय.’ तिने त्यालाही उत्तर दिलं, ‘कालच पाठवलंय, कृपया बघा.’ सोमवारी एजन्सीतल्या मुलीचा फोन आला. आवाज एकदम गोड. ‘मॅडम, तुमच्याकडून काही आलं नाही, म्हणून आम्ही काम दुसरीकडे दिलं. आणि मॅडम, हल्ली तुम्हाला जमत नसेल तर मोकळेपणाने सांगा हं. आम्ही लिस्टमध्ये तसं नोंदवून ठेवू.’

चाळीस पानांचं काम गेलं, ते एक वेळ ठीक. पण ‘जमत नसेल तर’ हे तीन शब्द तिला लागले. पंचविशीतल्या पोराचा मेल पोचला नाही, तर लोक नेटला शिव्या घालतात. साठीतल्या बाईचा मेल पोचला नाही, तर लोक तिचं वय काढतात. मावशीने मला फोन केला तेव्हा ती रडत वगैरे नव्हती. एवढंच म्हणाली, ‘तू पत्रकार आहेस ना? मग ये इकडे. हे नक्की कुठे अडलंय ते मला शोधून काढायचंय.’

‘आमच्याकडून ओके आहे!’

मी पोचले तोवर तिने आउटबॉक्स शोधून काढला होता. ‘सेंट’च्या आसपास असणारा आणि आपण जन्मात न उघडलेला तो कप्पा. त्यात सात मेल बसले होते. होकार, रिमाइंडरचं उत्तर, एका कंपनीला पाठवलेलं बिल, धाकट्या दिरांना वाढदिवसाच्या शुभेच्छा, असं सगळं. प्रोग्रॅम दर थोड्या वेळाने ते ढकलून बघत होता आणि खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत कुरकुरत होता.

पहिला फोन इंटरनेट कंपनीला. ‘मॅडम, नेट चालू आहे ना? यूट्यूब दिसतंय ना? मग आमच्याकडून ओके आहे. मेलवाल्यांना विचारा.’ दुसरा फोन होस्टिंगवाल्यांना, म्हणजे जिथे तिचं डोमेन आणि मेलबॉक्स आहे त्यांना. ‘मॅडम, मेल येतायत ना? मग सर्व्हर ओके आहे. नेटवाल्यांना विचारा.’ गंमत म्हणजे दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं. दोघांचंही आपापल्या जागी ओकेच होतं. मधल्या फटीत मावशीचे सात मेल अडकले होते.

इथे थोडी बॅकग्राउंड देते. मेल येण्याचा रस्ता वेगळा आणि जाण्याचा वेगळा. येणारा मेल तुमच्या मेलबॉक्सच्या सर्व्हरवर येऊन पडतो आणि तुमचा प्रोग्रॅम आयमॅप किंवा पॉप नावाच्या पद्धतीने तो तिथून उचलून आणतो. जाणाऱ्या मेलसाठी मात्र तिसरीच पद्धत आहे, एसएमटीपी. तिच्या सर्व्हरचं नाव वेगळं असू शकतं, दाराचा नंबर वेगळा असतो, कधीकधी तर कंपनीच वेगळी असते. सेटिंग्जमध्ये ‘इनकमिंग’ आणि ‘आउटगोइंग’ असे दोन भाग असतात, ते याचसाठी.

‘पण माझं जीमेल तर ब्राउझरमध्ये मस्त चालतंय,’ असं कुणी म्हणेल. चालणारच! ब्राउझरमध्ये मेल लिहिता तेव्हा तुमच्या घरातून मेल निघतच नाही. तुम्ही फक्त एका वेबसाइटवर टाइप करता. पाठवायचं काम त्यांचा सर्व्हर त्यांच्या जागेवरून करतो. १९९६ मध्ये सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केलं, तेव्हापासून वेबमेलची हीच गंमत आहे. म्हणून वेबमेल चालतो यावरून तुमचं अकाउंट जिवंत आहे एवढंच कळतं. प्रोग्रॅमची जावक नीट आहे की नाही, हे कळत नाही.

पण अडल्या वेळी हीच गोष्ट कामाला येते. मावशीने आधी होस्टिंगच्या वेबमेलमध्ये जाऊन सातही मेल पाठवून टाकले. डोक्यावरचं टेन्शन उतरलं, आणि मग तिने कंबर कसली.

सगळ्यांवर विश्वास ठेवणारं पोस्ट

जावकीच्या दारावरच एवढा पहारा का, असा प्रश्न मला पडला. थोडं खणल्यावर कळलं, की त्यामागे एका भाबड्या व्यवस्थेची गोष्ट आहे.

एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर नेटवर्कमार्फत मेल पाठवण्याची किमया रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये केली. नाव आणि पत्ता यांच्यामध्ये ‘अ‍ॅट’चं चिन्ह टाकायची आयडियाही त्यांचीच. पुढे ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचे नियम लिहून काढले. त्या काळात नेटवर्कवर होती ती मुख्यतः विद्यापीठं, संशोधन संस्था आणि सरकारी प्रयोगशाळा. म्हणजे गावच केवढं, तर सगळे एकमेकांना ओळखणारे. त्यामुळे मेल घेऊन आलेल्याला ‘बाबा, तू कोण?’ असं विचारायची सोयच त्या नियमांत नव्हती. आपण पाकिटामागे ‘प्रेषक’ म्हणून कुणाचंही नाव लिहिलं तरी पोस्ट अडवत नाही, तसंच. शिवाय कुठलाही सर्व्हर कुणाचंही टपाल घेऊन पुढे सरकवायचा. याला म्हणायचं रिले. आपण बाहेर पडताना शेजारच्या काकूंचं पत्र पेटीत टाकतो, तसा हा शेजारधर्म.

पण गावात चोर शिरायला वेळ लागत नाही. एका कॉम्प्युटर कंपनीच्या गॅरी थुएर्क नावाच्या मार्केटिंगवाल्याने मे १९७८ मध्येच आपल्या नव्या मशीनची जाहिरात सुमारे ४०० जणांना एका फटक्यात मेल केली होती. जगातलं पहिलं स्पॅम म्हणून आज त्याचंच नाव घेतात. नव्वदच्या दशकात इंटरनेट सामान्य माणसापर्यंत आलं. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने ते लोकांसाठी खुलं केलं. आणि मग दुसऱ्यांच्या भोळ्या सर्व्हरवरून लाखो मेल सोडणाऱ्यांचं फावलं. पुढे तर व्हायरसने घराघरातले कॉम्प्युटर गुलाम बनवले. मालक टीव्ही बघतोय आणि त्याचा पीसी मागच्या दाराने दिवसरात्र स्पॅम ओकतोय, असा सगळा झोल. नोव्हेंबर २००८ मध्ये अमेरिकेतल्या मॅककोलो नावाच्या एका होस्टिंग कंपनीचं कनेक्शन तोडल्यावर जगभरातलं स्पॅम धाडकन खाली आलं होतं. कारण अशा हजारो गुलाम मशीनना हुकूम सोडणारे सर्व्हर तिथे होते.

मग व्यवस्था बदलली. सर्व्हर एकमेकांशी बोलायला जो पोर्ट वापरतात त्याचा नंबर २५. पोर्ट म्हणजे दाराचा नंबर समजा. हे झालं पोस्टाचं मागचं दार, जिथे टपालाच्या गाड्या लागतात. आपल्यासारख्या गिऱ्हाइकांनी तिथून शिरायचं नाही, पुढच्या काउंटरवर यायचं, असं ठरलं. डिसेंबर १९९८ मध्ये त्या काउंटरला नंबर मिळाला ५८७. मार्च १९९९ मध्ये तिथे ओळख पटवण्याची, म्हणजे यूजरनेम-पासवर्डची रीतसर पद्धत आली. आणि घरगुती कनेक्शनवरून २५ नंबरच्या दाराकडे जाणारी वाटच बंद करायची, हा उपाय अनेक इंटरनेट कंपन्यांनी उचलला. तुमच्या मशीनला व्हायरस लागला तरी त्याला स्पॅम सोडता येऊ नये, म्हणून.

थोडक्यात, मावशीचा मेल अडवणारी भिंत तिच्यासाठी बांधलेलीच नव्हती. ती चोरांसाठी होती. फक्त तिच्यावर तशी पाटी नव्हती.

एरर म्हणजे परकी भाषा

एरर आली की आपण काय करतो? न वाचता ‘ओके’ दाबतो. मावशीने तसं केलं नाही. तिने ती अख्खी एरर वहीत उतरवून घेतली, अगदी स्वल्पविरामासकट. ‘परक्या भाषेतलं वाक्य आहे,’ ती म्हणाली. ‘आधी ते काय म्हणतंय ते बघू. त्याला काय म्हणायचंय ते नंतर.’

या भाषेचं व्याकरण सोपं आहे, बरं का. सर्व्हर प्रत्येक वेळी तीन आकडी नंबर देऊन बोलतो आणि पहिला आकडा महत्त्वाचा. २ म्हणजे झालं. ३ म्हणजे पुढे बोला. ४ म्हणजे आत्ता नाही, थोड्या वेळाने या. ५ म्हणजे नाही म्हणजे नाही, काहीतरी बदलल्याशिवाय परत येऊ नका. एकदा हे कळलं, की निम्मं काम झालं.

मावशीची पहिली एरर सांगत होती, की सर्व्हरशी संपर्क होता होता वेळ संपली. टाइम आउट. तिने ती दोनदा वाचली. ‘यात नंबरच नाही गं. म्हणजे समोरच्याने नाही म्हटलेलं नाही. समोरचा बोललेलाच नाही.’

बरोबर! आम्ही आउटगोइंगची सेटिंग्ज उघडली. सर्व्हर होता जुन्या इंटरनेट कंपनीचा, पोर्ट २५, पासवर्डची जागा रिकामी. २००७ च्या सुमारास कुणी कॉम्प्युटरवाला ते बसवून गेला होता, आणि त्या काळी ही सर्रास पद्धत होती. कंपनी काय म्हणायची, तुम्ही आमच्या वायरवरून आलात ना, मग तुम्ही आमचेच, पासवर्ड कशाला? डोमेन कुणाचंही असो, मेल बाहेर जायचा तो कंपनीच्या पेटीतून. वायर बदलली तसं ते नातंही तुटलं. त्यात नव्या कंपनीने २५ नंबरची वाट बंद ठेवलेली. टेलनेट नावाचं एक जुनं हत्यार असतं, त्याने कुठल्याही सर्व्हरचं दार वाजवून बघता येतं. २५ वर सामसूम. ५८७ वर वाजवलं तर समोरून लगेच २२० आलं. म्हणजे ‘नमस्कार, बोला!’

पोर्ट बदलून ५८७ केला आणि परत पाठवून बघितलं. आता एरर आली ५३०, ‘ऑथेंटिकेशन रिक्वायर्ड’. मावशी जवळजवळ टाळी वाजवत म्हणाली, ‘अगं, एरर बदलली!’ आणि हा खरंच लाखमोलाचा मुद्दा आहे. एरर बदलली म्हणजे आपण पुढे सरकलो. आधी दारापर्यंतही पोचत नव्हतो, आता दारावरचा माणूस ओळखपत्र मागतोय. पण जुन्या कंपनीचं कनेक्शनच बंद झालेलं. तिथे ओळख पटवणार कुठून?

मग उत्तर सरळच होतं. पेटी जिथे, पोस्टही तिथलंच. जिथे तिचा मेलबॉक्स आहे त्या होस्टिंग कंपनीचाच आउटगोइंग सर्व्हर टाकायचा. पोर्ट ५८७, एन्क्रिप्शनला स्टार्ट-टीएलएस, यूजरनेम, पासवर्ड. ‘सेंड’. एरर ५३५, म्हणजे ओळख पटली नाही. पासवर्ड तर शंभर टक्के बरोबर, कारण वेबमेल त्यानेच उघडत होता. मावशीने यूजरनेमवर बोट ठेवलं. तिथे फक्त ‘अ‍ॅट’च्या आधीचं नाव होतं. ‘नुसत्या नावाने पत्र जातं का कधी? पूर्ण पत्ता टाक.’ पूर्ण मेल आयडी टाकला. खालची निळी पट्टी सरसर पुढे गेली आणि मेल आउटबॉक्समधून ‘सेंट’मध्ये जाऊन बसला.

आम्ही दोघींनी मिळून साडेतीन तास घालवले होते. त्यानंतर जो चहा झाला, त्याची चव काही औरच होती.

पोचला, पण कुठे?

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मावशीने माझ्या आयडीवर पाठवलेला टेस्ट मेल माझ्या स्पॅममध्ये सापडला. तेव्हा तिला आठवलं, की गेली दोनेक वर्षं काही क्लायंट तिला अधूनमधून सांगतच होते, ‘मॅडम, तुमचा मेल स्पॅममध्ये होता.’

यामागेही तोच ‘प्रेषक’वाला घोळ आहे. पाकिटामागे कुणीही कुणाचंही नाव लिहू शकतो, तर मेल खरंच मावशीच्या डोमेनचा आहे हे ओळखायचं कसं? त्यासाठी एसपीएफ नावाची नोंद असते. ‘माझ्या नावाने मेल पाठवायची परवानगी अमक्या सर्व्हरना आहे,’ असं डोमेनचा मालक जाहीर करून ठेवतो. दुसरी पद्धत डीकेआयएम, म्हणजे मेलवर एक डिजिटल सही, जी पडताळून बघता येते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने या बाबतीत नियम कडक केले. त्यांच्याकडे मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाने या दोन्हीपैकी निदान एक गोष्ट केलेली असावी, आणि जीमेलवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांनी तर दोन्ही आणि त्यावर डीमार्कसुद्धा. मावशीच्या डोमेनवर यातलं काहीच नव्हतं. होस्टिंगवाल्यांना या वेळी ‘मेल जात नाही’ असं मोघम न सांगता ‘एसपीएफची नोंद आणि डीकेआयएम चालू करून द्या’ असं सांगितलं. दहा मिनिटांत काम झालं. नेमकं मागितलं की हेल्पलाइनही नेमकं उत्तर देते, हा त्या दिवसाचा बोनस शोध.

तुमची केस वेगळी असू शकते. पासवर्ड बरोबर असून ५३५ येत असेल, तर ती जीमेल किंवा आउटलुकची असण्याची शक्यता खूप. पर्सनल जीमेलने ३० मे २०२२ पासून साध्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रॅमना आत घेणं बंद केलं आणि मायक्रोसॉफ्टने आपल्या पर्सनल आउटलुक-हॉटमेल खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून. प्रोग्रॅममध्ये ओएथ नावाची पद्धत निवडायची, मग लॉगिनची खिडकी उघडते आणि काम होतं. जीमेलला दुसरा मार्ग म्हणजे टू-स्टेप चालू करून खास ‘अ‍ॅप पासवर्ड’ घ्यायचा. ‘रिलेइंग डिनाइड’ असं काही दिसलं, तर सर्व्हर म्हणतोय की तुम्ही माझे नाही, मी तुमचं टपाल का नेऊ? आउटगोइंगला ‘पासवर्ड लागतो’ ही खूण केलीय का, ते बघा. ५८७ हट्टीपणा करत असेल तर ४६५ वापरून बघा, एन्क्रिप्शनला एसएसएल/टीएलएस निवडून. जानेवारी २०१८ पासून तर मानक ठरवणाऱ्यांची पसंती त्यालाच आहे. काही अँटीव्हायरस जाणारा मेल मध्येच उघडून तपासतात आणि गोंधळ घालतात, ते फक्त मेल-स्कॅन क्षणभर बंद करून पडताळता येतं. लॅपटॉपची तारीख चुकली असेल तरी सर्व्हरचं सर्टिफिकेट खोटं वाटून दार लागत नाही.

आणि एकच मेल अडला असेल, बाकीचे जात असतील, तर अटॅचमेंट बघा. जीमेलची मर्यादा २५ एमबी, पण मेलमधून जाताना फाइलचं रूप बदलतं आणि ती साधारण एक तृतीयांशाने फुगते. त्यामुळे वीस एमबीची फाइलही अडकू शकते.

हे सगळं झाल्यावर मावशीने दोन गोष्टी केल्या. पहिली, एक कार्ड लिहून कपाटाच्या दाराच्या आत चिकटवलं. आउटगोइंग सर्व्हर, पोर्ट, एन्क्रिप्शन, यूजरनेम. पासवर्ड सोडून सगळं. पुढची वायर बदलेल तेव्हा कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. दुसरी, त्या एजन्सीला मेल केला. त्यात ना तक्रार, ना सफाई. अमुक तारखेला अमुक कारणाने जावक बंद होती, आता ती सुरू आहे, आणि माझ्या नावापुढे काही शेरा लिहिला असल्यास तो काढावा, इतकंच. चार ओळी. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, ‘असा कोणताही शेरा नाही, मॅडम.’ गेलेलं पेटंट काही परत आलं नाही. सप्टेंबरमध्ये सोळा पानांचं एक मॅन्युअल मात्र आलं. होकार पाठवल्यावर मावशीने ‘सेंट’ उघडून बघितलं आणि मगच लॅपटॉप मिटला.

तेव्हा मंडळी, हे वाचून झालं की एकदा आउटबॉक्स उघडून बघा. रिकामा असेल तर मस्त. आणि उद्या एखाद्या सरांचं, मॅडमचं, गावाकडच्या काकांचं उत्तर आलं नाही, तर मनातल्या मनात त्यांच्या नावापुढे शेरा मारण्याआधी एक फोन करा. फक्त त्या फोनची सुरुवात ‘जमत नसेल तर’ने करू नका.